मुंबईचा शेअर-उन्माद आणि समूहाचे मन

१८६५ सालच्या जानेवारीत मुंबई शहरात ३१ बँका, फायनान्शिअल असोसिएशन म्हणविणाऱ्या १६ संस्था, जमिनीच्या ८ कंपन्या, कापूस दाबण्याच्या १६, जहाजांच्या १०, विम्याच्या २० आणि याखेरीज निरनिराळ्या उद्देशांच्या ६२ संयुक्त भांडवली मंडळ्या नांदत होत्या. ज्या शहराला दहा वर्षांपूर्वी अशा संस्था मोजण्यास हातांची बोटे जवळजवळ पुरली असती, त्या शहरातील व्यवहारचतुर, सुशिक्षित आणि पिढ्यान्‌पिढ्या पेढ्या चालविणाऱ्या माणसांनी या मंडळ्यांचे भाग, त्या नेमका कोणता उद्योग करणार आहेत आणि त्यातून काय मिळणार आहे याची चौकशी न करता, मागेल त्या किमतीस विकत घेतले होते. पुढील दोन वर्षांत यांतील बहुतेक मंडळ्या लयास गेल्या. या प्रकरणाला त्या काळच्या इंग्रजी पत्रांनी ‘शेअर मॅनिया’ हे नाव दिले आणि तेच इतिहासात रूढ झाले. परंतु वेड हा शब्द उच्चारल्याने कार्यकारणभाव उलगडल्याचे समाधान जरी मिळत असले, तरी हजारो शहाणी माणसे एकाच वेळी एकाच दिशेने का चालू लागतात, या प्रश्नाचे उत्तर त्या शब्दात नाही. ते शोधावयाचे तर या कथेच्या मुळाशी जावे लागते, आणि तिचे मूळ मुंबईत नसून अमेरिकेत आहे.

१८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत उत्तर व दक्षिण संस्थानांमध्ये यादवी युद्ध पेटले आणि प्रेसिडेंट लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी पुकारली. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा फार मोठा भाग दक्षिणेतील मळ्यांतून येत असे. तो ओघ आटल्यावर मँचेस्टरच्या भोवतालच्या गावांत गिरण्या बंद पडल्या, मजुरांची उपासमार होऊ लागली, आणि एरवी आखूड धाग्याचा व कचरायुक्त म्हणून नाक मुरडून घेतल्या जाणाऱ्या हिंदुस्थानी कापसाला एकाएकी प्रतिष्ठा आली. लिव्हरपूलच्या बाजारात त्याचा भाव युद्धापूर्वीच्या भावाच्या चौपट झाला. त्याच सुमारास लोहमार्गही घाट उतरत होते: बोरघाटाचा मार्ग १८६३ साली आणि थळघाटाचा १८६५ च्या प्रारंभी खुला झाला, त्यामुळे खानदेश आणि वऱ्हाडचा कापूस कुलाब्याच्या कापूसबाजारात येऊन पडण्यास पूर्वीसारखे महिने लागेनासे झाले. गाद्या-उशांतील जुना कापूस उपसून लोकांनी विकल्याचे वृत्तांत त्या काळच्या लेखनात आढळतात. कापसात भेसळ इतकी माजली की १८६३ साली मुंबई सरकारला तिच्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. युद्धाच्या चार वर्षांत, नेहमीच्या प्राप्तीव्यतिरिक्त, सात कोटी पौंडांहून अधिक द्रव्य या एका पिकापोटी मुंबईकडे वळले, असा त्या काळच्या जाणकारांचा अदमास आहे.

या संपत्तीत खोटे असे काही नव्हते, ही गोष्ट मी आग्रहाने सांगू इच्छितो. कारण जगातील बहुतेक मोठे आर्थिक उन्माद सत्याच्या बीजातूनच उगवतात, आणि म्हणूनच ते प्रारंभी ओळखू येत नाहीत. कापूस खरोखर विकला जात होता, त्याचे सोने-रुपे खरोखर जहाजांतून उतरत होते, आणि ज्याने १८६१ साली कापूस साठविला तो १८६३ साली खरोखर श्रीमंत झाला होता. शेजाऱ्याच्या घरी आलेली समृद्धी डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला भ्रमिष्ट कसे म्हणावे? त्याची चूक एवढीच होती की, एका देशातील युद्धाने निर्माण केलेली तात्पुरती टंचाई त्याने आपल्या शहराच्या भाग्याचा कायमचा नियम मानली.

आता या पैशाला वाट हवी होती. देशात सरकारी कर्जरोख्यांखेरीज सुरक्षित गुंतवणुकीची साधने थोडी, गिरणीधंदा नुकता कोठे रांगू लागलेला, आणि तोही महाग कापसामुळे अडचणीत. अशा वेळी संयुक्त भांडवली कंपनी हे नवे यंत्र हाताशी आले. ते चालविण्यात जो पुरुष सर्वांत अग्रेसर ठरला, त्याचे नाव प्रेमचंद रायचंद. सुरतेच्या जैन कुटुंबात १८३१ साली जन्मलेले, इंग्रजी जाणणारे, विलक्षण स्मरणशक्तीचे आणि मधुर वाणीचे हे दलाल त्या तीन-चार वर्षांत मुंबईचे अनभिषिक्त अर्थमंत्री बनले. नवीन कंपनी काढावयाची, तिचे भाग कोणाकोणाला वाटावयाचे हे आधी ठरवावयाचे, आणि कंपनीने पहिले फावडे मारण्यापूर्वीच त्या भागांवर प्रीमियम सुरू व्हावयाचा, अशी ती रीत होती. भागवाटपाच्या यादीत नाव लागणे हीच एक कृपा समजली जाई, आणि त्या कृपेसाठी गोरे अधिकारी, वकील, व्यापारी, कारकून, सर्वच प्रेमचंदांच्या दाराशी येत.

या सर्व कंपन्यांत शिरोमणी होती ती बॅकबे रेक्लमेशन कंपनी. मलबार हिलपासून कुलाब्यापर्यंतचा उथळ समुद्र बुजवून जमीन काढावी, त्या जमिनीवरून बडोद्याकडील रेल्वे कुलाब्यास न्यावी आणि उरलेले भूखंड वाढत्या शहरास विकावे, ही तिची कल्पना होती. आणि मुंबईचा भूगोल ज्याला ठाऊक आहे तो तिला वेडगळ म्हणणार नाही, कारण पुढील शतकात याच किनाऱ्यावर शहराने खरोखरच समुद्र हटविला. परंतु दगड-मातीच्या कामाला लागणारी दशके आणि बाजाराला हवा असलेला आठवडा यांचा मेळ कसा बसावा? ५,००० रुपये भरलेल्या तिच्या भागाचा भाव ५०,००० रुपयांपर्यंत चढला. मुंबई सरकारने आरंभी यातील ४०० भाग स्वतः घेण्याचे ठरविले होते. वरिष्ठ सरकारने त्यास संमती नाकारल्यावर ते भाग लिलावास निघाले आणि त्यांवर कोटी रुपयांहून अधिक प्रीमियम मिळाला. सामान्य माणसाने यातून कोणता बोध घेतला असेल, हे सांगण्यास फार कल्पकता नको. सरकारने हात काढून घेतला ही बातमी मागे पडली. सरकारने हात घातला होता, आणि बड्या लोकांनी कोटी रुपये ओतले, एवढेच त्याच्या मनावर कोरले गेले.

माझ्या मते मुंबईच्या शोकांतिकेतील निर्णायक अंक शेअरबाजारात घडला नाही. तो बँक ऑफ बॉम्बेच्या दिवाणखान्यात घडला. १८४० साली सनद मिळालेली ही इलाख्याची बँक: तिच्या भांडवलात सरकारचा वाटा, तिच्या संचालकांत सरकारने नेमलेले तीन गृहस्थ, आणि लोकांच्या मनात तिचे स्थान सरकारी खजिन्याच्या खालोखाल. जुन्या सनदेत खासगी कंपन्यांच्या भागांवर कर्ज देण्यास मोकळीक नव्हती. १८६३ च्या कायद्याने सनद बदलली आणि ती मोकळीक आली. मग एक चक्र फिरू लागले. शेअर तारण ठेवून बँकेकडून रक्कम उचलावयाची, त्या रकमेने आणखी शेअर घ्यावयाचे, त्या खरेदीने भाव चढावयाचा, आणि चढलेल्या भावाने तेच तारण अधिक मोलाचे दिसू लागून नवे कर्ज मिळावयाचे. कर्ज भावाला टेकू देत होते आणि भाव कर्जाला. त्या दोहोंच्या खाली भूमी मुळी नव्हतीच. बँकेच्या कारभाऱ्यांवर प्रेमचंदांचे वजन इतके होते की त्यांच्या शब्दावर मोठमोठ्या रकमा दिल्या गेल्या, आणि कित्येक कर्जे तर केवळ सहीच्या कागदावर, काहीही तारण नसताना उचलली गेली, हे पुढे चौकशीत उघड झाले.

याच्या जोडीला वायद्याचे सौदे होते. अमुक तारखेस अमुक भावाने इतके भाग घेईन, असे कागदावर लिहून देणाऱ्याजवळ पैसा नसे आणि देऊ म्हणणाऱ्याजवळ भाग नसत. मुदत भरली की दोघांनी भावातील फरकाचा हिशेब करावा एवढाच त्यातील अर्थ. कोटमधील रस्त्यांवर आणि टाउन हॉलसमोरच्या झाडांखाली सकाळपासून दलालांची गर्दी लोटे. यातील असंख्य वायद्यांची मुदत १८६५ च्या जून महिन्याच्या अखेरीस भरत होती.

येथे थोडे थांबून समूहाच्या मनाचा विचार करू. फ्रेंच लेखक गुस्ताव ल बाँ यांनी १८९५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, गर्दीत मिसळताच व्यक्तीची विवेकबुद्धी लोप पावते आणि ती एका आदिम सामूहिक मनाच्या स्वाधीन होते. हा सिद्धांत आपल्याकडेही पुष्कळ मान्य पावला. परंतु तो रस्त्यावरच्या दंग्याला जितका लागू पडतो, तितका गुंतवणुकीच्या उन्मादाला लागू पडत नाही असे मला वाटते. शेअर घेणारा मनुष्य घोषणा देत नव्हता. तो रात्री समईच्या उजेडात एकटा बसून आकडेमोड करीत होता, पत्नीशी किंवा वडील भावाशी मसलत करीत होता, आणि त्याच्या दृष्टीने तो पूर्ण विवेकाने वागत होता. मात्र ज्या पुराव्यावर तो विवेक उभा होता, तो पुरावा दुसऱ्यांच्या वर्तनाचा होता. अमुक शेटजींनी भाग घेतले आहेत, ते काही उगीच घेणार नाहीत. बँक तारण म्हणून स्वीकारते, तिने काही पाहिले असेलच. सरकारची मान्यता आहे, सरकारला काय कळत नाही? असा एकेक जण दुसऱ्याला साक्षीदार धरीत होता, आणि तो दुसरा तिसऱ्याला. ज्याने कंपनीचा जमाखर्च स्वतः पाहिला आहे असा मूळ साक्षीदार त्या साखळीत कोठेच नव्हता.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अॅश यांनी १९५१ च्या सुमारास केलेला प्रयोग या बाबतीत उद्‌बोधक आहे. कागदावरील तीन रेषांपैकी कोणती रेषा नमुन्याच्या रेषेइतकी लांब आहे, एवढा सोपा प्रश्न. परंतु खोलीतील इतर सर्वांनी, आधी ठरवून, एकमुखाने चुकीचे उत्तर दिले की मधला एकटा अनभिज्ञ मनुष्य सुमारे एकतृतीयांश वेळा डोळ्यांना दिसणारे नाकारून त्यांच्या सुरात सूर मिळवी. या प्रयोगाचा अधिक महत्त्वाचा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. त्या मंडळीत खरे उत्तर देणारा एक जरी मनुष्य बसविला, तरी त्या बिचाऱ्याचे धैर्य परत येई आणि चुकीच्या उत्तरांचे प्रमाण झपाट्याने खाली येई. समूहाची पकड एकमतावर अवलंबून असते. एक स्वतंत्र आवाज ती सैल करतो. समाजात तो स्वतंत्र आवाज म्हणून ज्यांची नेमणूक केलेली असते ते बँकेचे संचालक, सरकारी लेखापाल, वर्तमानपत्रांचे संपादक. त्यांना वेतन, मान आणि अधिकार मिळतो तो याचसाठी. १८६४ साली मुंबईत हे लोक समूहाच्या बाहेर उरले नाहीत.

बुद्धिमत्ता माणसाला यातून तारते, ही समजूतही टिकत नाही. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याविषयी प्रत्येक मराठी वाचकाच्या मनात आदर आहे आणि असावा. ग्रँट मेडिकल कॉलेजचे हे नामांकित पदवीधर, अजिंठ्याच्या लेण्यांतील कोरीव लेखांचा अर्थ लावणारे, जुन्या लिपीतील एका अक्षरासाठी दहा ठिकाणचे दाखले पडताळून पाहणारे संशोधक. पुरावा म्हणजे काय हे त्यांच्याइतके त्या काळी मुंबईत फार थोड्यांना ठाऊक असेल. वैद्यकीत मिळविलेली त्यांची पुंजी या शेअरांच्या पडझडीत गेली. या घटनेकडे उपहासाने पाहणे हा त्यांच्यावर आणि आपल्या स्वतःवरही अन्याय होईल. ताम्रपट पारखताना ते एकटे होते आणि त्यांच्या निर्णयाला घाई नव्हती. भागांचा भाव मात्र रोज बदलत होता, आणि थांबलेल्या माणसाला थांबल्याबद्दल रोज नुकसान होत असल्याचे दिसत होते. आपण घेतले नाही आणि दुसऱ्याने घेतले, ही वेदना प्रत्यक्ष हानीइतकीच तीव्र असते. तिच्यापुढे भलीभली संयमी माणसे अखेरीस हात टेकतात, आणि ती टेकतात तेव्हा भाव बहुधा शिखरावर असतो. इंग्लंडात १७२० साली साउथ सी कंपनीच्या प्रकरणात सर आयझॅक न्यूटन यांची मोठी रक्कम बुडाली, तीही अशाच क्रमाने: आरंभी नफा घेऊन ते बाहेर पडले होते, आणि भाव आणखी चढताना पाहून परत आत शिरले. १८४१ साली समूहांच्या भ्रमांवर जगप्रसिद्ध ग्रंथ लिहिणाऱ्या चार्ल्स मॅके यांनी चारच वर्षांनी ग्लासगोच्या एका वर्तमानपत्राचे संपादक म्हणून इंग्लंडच्या रेल्वे-उन्मादाची हिरीरीने तरफदारी केली. भ्रमाचा इतिहास पाठ असणे हा भ्रमापासूनचा बचाव नव्हे.

१९८८ साली अर्थशास्त्रज्ञ व्हर्नन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या, कृत्रिम शेअरबाजारावरील प्रयोगांनी तर शेवटची सबबही काढून घेतली. प्रयोगातील सहभागींना प्रत्येक फेरीनंतर सरासरी किती लाभांश मिळेल हे आधीच सांगितले होते, म्हणजे भागाची खरी किंमत कोणालाही कागदावर काढता येण्यासारखी होती; तरीही भाव तिच्या फार वर चढले आणि अखेरीस कोसळले. किंमत ठाऊक असणे पुरेसे नसते, कारण घेणाऱ्याचे लक्ष किमतीवर नसून पुढील गिऱ्हाइकावर असते. तेच सहभागी तिसऱ्यांदा खेळावयास बसले तेव्हा मात्र हा फुगवटा बराच ओसरला. बाजाराची अडचण ही की, त्यात दर पिढीला पहिल्यांदा खेळणारे नवे लोक येतात.

९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेच्या जनरल ली यांनी शरणागती पत्करली आणि अमेरिकेतील युद्ध संपल्यात जमा झाले. ती वार्ता मुंबईस पोहोचली तेव्हा कापसाचा भाव, जो तहाच्या अफवांनी आधीच डळमळला होता, धाडकन कोसळला. आणि एका देशात शांतता प्रस्थापित झाल्यामुळे दुसऱ्या देशातील शहरावर आकाश कोसळावे, असा विलक्षण योग घडून आला. मे महिन्यातच मोठ्या पेढ्यांची दिवाळी निघू लागली. १ जुलै हा वायदे चुकते करण्याचा दिवस उजाडला तेव्हा देणारा आणि घेणारा दोघेही रिकाम्या हातांनी समोरासमोर उभे राहिले, कारण प्रत्येकाची देण्याची ऐपत दुसऱ्याकडून येणाऱ्या रकमेवर अवलंबून होती. बॅकबेचा ५०,००० चा भाग २,००० रुपयांच्या खाली गेला. बँक ऑफ बॉम्बेचा ५०० रुपयांचा भाग २,८५० पर्यंत चढला होता. तो पुढे ८७ रुपयांस मिळू लागला. नसरवानजी टाटा यांची पेढीही या वादळात सापडली, आणि त्यांचे तरुण चिरंजीव जमशेटजी, जे त्या वेळी लंडनमध्ये होते, त्यांच्यावर धनकोंशी बोलणी करण्याचा प्रसंग आला. दिनशा वाच्छा यांनी हे सर्व ऐन विशीत डोळ्यांनी पाहिले आणि १९१० साली त्यावर पुस्तक लिहिले. मुंबईच्या आर्थिक इतिहासाचा तो आजही पायाभूत दस्तऐवज आहे.

प्रेमचंदांविषयी एक शब्द. वैभवाच्या दिवसांत, १८६४ साली, त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मातोश्रींच्या नावाने मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. त्यातून उभा राहिलेला राजाबाई टॉवर १८७८ साली पूर्ण झाला, तेव्हा दात्याचे साम्राज्य कधीच मोडले होते. ते पळून गेले नाहीत. याच शहरात राहून त्यांनी पुन्हा दलाली केली आणि १९०६ साली येथेच देह ठेवला. त्यांना खलपुरुष ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. एका दलालाच्या चिठ्ठीवर इलाख्याच्या बँकेची तिजोरी उघडत असेल, तर दोष चिठ्ठी लिहिणाऱ्यापेक्षा किल्ली सांभाळणाऱ्याचा अधिक. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली १८६८ साली नेमलेल्या चौकशी मंडळाने हीच किल्ली कोणाच्या हाती होती ते तपासले, आणि बेफिकीर कर्जवाटपाबरोबरच १८६३ च्या कायद्यातील सैल कलमांवर बोट ठेवले. तोवर जुनी बँक मोडीत निघून तिच्या नावाची नवी बँक उभी राहिली होती. १८७६ च्या कायद्याने इलाख्यांच्या बँकांवर कडक निर्बंध घातले आणि सरकारने त्यांच्या भांडवलातून अंग काढून घेतले.

परंतु शहराबाहेर, ज्याने तो कापूस पिकविला त्या शेतकऱ्याचा हिशेब अजून व्हावयाचा होता. तेजीच्या वर्षांत सावकारांनी त्याला सढळ हाताने कर्ज दिले होते, कारण पिकाचा चढा भाव हेच तारण होते. म्हणजे मुंबईच्या बँकेने जी चूक कोटींत केली तीच गावोगावच्या वाड्यांत शेकड्यांत झाली. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, १८६७ पासून इंदापूर आणि नंतर आसपासच्या तालुक्यांत जी फेरजमाबंदी झाली, तीत सरकारने तेजीतील भाव ध्यानी घेऊन शेतसारा पुष्कळ वाढविला. दलाल आणि शेटजी ज्या भावाने फसले, तो भाव फसवा होता हे सिद्ध झाल्यानंतर दोन वर्षांनी सरकारी दप्तराने तो प्रमाण मानला! पिकाचा दर उतरलेला, सारा चढलेला, आणि सावकाराचा तगादा दिवाणी कोर्टाच्या हुकुमनाम्यासह दारात उभा. अशा स्थितीत १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे लोकांनी सावकारांची घरे फोडली आणि कर्जाचे कागद जाळले. तो वणवा पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. या दंग्यांची कारणे शोधणाऱ्या आयोगाला अमेरिकन युद्धकाळातील कापसाच्या तेजीपर्यंत मागे जावे लागले.

मुंबईच्या बुडालेल्या व्यापाऱ्यांचे व्यवहार लवकर निकालात निघावेत म्हणून खास कायदा पडझडीच्या वर्षीच, १८६५ साली झाला. कर्जात बुडालेल्या दख्खनच्या शेतकऱ्याला संरक्षण देणारा कायदा १८७९ साली झाला.